बाटलीत काय आहे, ते तुम्हाला ठाऊक नाही

घरच्या घरी ई-लिक्विड मिसळणाऱ्यांचा एक लाडका मुद्दा आहे. दुकानातल्या बाटलीत काय घालतात कोण जाणे. माझ्या बाटलीत काय आहे ते मला पक्कं ठाऊक असतं, कारण ते मी माझ्या हाताने घातलेलं असतं. ब्रिटनमध्ये लेस्टरला राहणारा माझा भाचा हे इतक्या ठामपणे सांगतो की समोरच्याने गप्पच बसावं. वर म्हणतो, "मामा, तू तर याच धंद्यातला माणूस." म्हणजे मी मान डोलवावी अशी अपेक्षा. धंद्यातला आहे हे खरं. माझी सगळी नोकरी स्वादाची आणि सुवासाची द्रव्यं बनवणाऱ्या कारखान्यात गेली. आइस्क्रीमवाले, बिस्किटवाले, औषधवाले आमची गिऱ्हाइकं. आणि धंद्यातला आहे म्हणूनच मान डोलवता येत नाही. त्याला जे ठाऊक आहे ते लेबलांवर छापलेलं. मिसळून महिनाभर कपाटात ठेवलेल्या आणि मग तापलेल्या तारेवर उडवलेल्या द्रवात काय असतं ते त्याला ठाऊक नाही, आणि घरात बसून ते कळायला मार्गही नाही. "मला ठाऊक आहे" एवढं एकदा मान्य केलं की पुढचं सगळं आपोआप गळी उतरतं: घरचं ते शुद्ध, शुद्ध ते निर्धोक, आणि मुरवलेलं तर त्याहून उत्तम. म्हणून वाद तिथेच घालायला हवा.

ज्यांचा या प्रकाराशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ई-सिगारेटमध्ये जळत काही नाही. तारेचं वेटोळं तापतं, त्याच्या आतल्या कापसात शोषलेल्या द्रवाची वाफ होते, ती ओढायची. द्रव म्हणजे प्रोपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन, त्यात हवं तर निकोटिन, आणि स्वादाचा अर्क. ब्रिटनमध्ये मे २०१६ पासून युरोपीय नियमानुसार निकोटिनच्या द्रवावर बंधन आलं: मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त निकोटिन नको आणि बाटली १० मिलिलिटरपेक्षा मोठी नको. बिननिकोटिनच्या द्रवाला ही मर्यादा नव्हती. विक्रेत्यांनी लगेच वाट काढली. ६० मिलिलिटरच्या बाटलीत ५० मिलिलिटर बिननिकोटिनचा द्रव, सोबत १८ मिलिग्रॅमची १० मिलिलिटरची कुपी. घरी ओता, हलवा, ३ मिलिग्रॅमचं मिश्रण तयार. म्हणजे गिऱ्हाइकाला मिसळायला शिकवलं ते या नियमानेच. पुढची पायरी म्हणजे अर्क सुटे आणणं, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा घेणं आणि पाककृती जमवणं. पिकलेल्या स्ट्रॉबेरीचा अर्क ६ टक्के, व्हॅनिला आइस्क्रीमचा ६ टक्के, ही या छंदातली सगळ्यात गाजलेली कृती असावी. नवशिका तिच्यापासून सुरुवात करतो आणि वर्षभरात सात-आठ अर्कांचं कस्टर्ड बनवायला लागतो. फळांचे स्वाद लगेच ओढता येतात, त्यांना 'शेक अँड वेप' म्हणतात. कस्टर्ड, मलई, तंबाखू यांना मात्र तीन-चार आठवडे अंधारात ठेवायचं. याला ते 'स्टीपिंग' म्हणतात, आपण मुरवणं म्हणू.

भारतात हा सगळा व्यवहार सप्टेंबर २०१९ च्या अध्यादेशाने आणि त्याच वर्षीच्या कायद्याने बंद झाला. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात, साठा, सगळं गुन्हा आहे. उत्पादन-विक्रीच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. तरीही हा विषय मराठी वाचकाला परका नाही. परदेशात शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या पोरांच्या खोल्यांत या बाटल्या आहेत, आणि त्यांच्या सुट्टीतल्या गप्पांतून "घरचं ते चांगलं" हा समज इकडे येतो. इकडे तर औषधाच्या दुकानात ग्लिसरीन आहे आणि वाण्याकडे केकचे इसेन्स आहेत, ज्यांतले काही चक्क तेलात बनवलेले असतात. तेल फुफ्फुसात गेलं तर न्यूमोनियासारखा आजार होऊ शकतो. तिकडचे हौशी निदान तेलकट अर्काला हात लावायचा नाही एवढं तरी जाणतात.

जे मला म्हणायचं नाही तेही सांगून टाकतो, नाहीतर भलत्याच पाटावर जेवायला बसवतील. सिगारेट ओढणाऱ्याने सिगारेट पूर्ण सोडून ई-सिगारेट धरली तर त्याच्या शरीरात जाणारी विषारी द्रव्यं पुष्कळ कमी होतात, यावर माझा वाद नाही. निकोटिनची ई-सिगारेट ही पट्ट्या आणि च्युइंगगमपेक्षा सिगारेट सोडवायला जास्त उपयोगी पडते, असं वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेचे आढावे सांगतात. तेही मला मान्य आहे. २०१९ साली अमेरिकेत वेप ओढणाऱ्यांच्या फुफ्फुसांच्या आजाराची साथ आली, रुग्णालयात दाखल झालेले वा दगावलेले २,८०७ रुग्ण नोंदले गेले आणि त्यांतले ६८ जण फेब्रुवारी २०२० पर्यंत मेले. त्याचा ठपका घरी स्ट्रॉबेरी-मलई मिसळणाऱ्यांवर ठेवणारे वर्तमानपत्री लेख मी वाचलेत आणि ते बेजबाबदार आहेत. तो प्रकार मुख्यतः काळ्या बाजारातल्या गांजाच्या अर्काच्या कुप्यांचा होता.

पण तो नेमका कशामुळे झाला हे पाहिलं की माझा मुद्दा सुरू होतो. त्या कुप्यांत अर्क दाट दिसावा म्हणून व्हिटॅमिन ई ॲसिटेट घातलेलं होतं. ५१ रुग्णांच्या फुफ्फुसांतला द्रव तपासला तेव्हा ४८ जणांत ते सापडलं. हेच द्रव्य आपण तोंडाला लावायच्या क्रीममध्ये आणि जीवनसत्त्वाच्या गोळ्यांत बिनघोर वापरतो. त्वचेला चालतं, पोटाला चालतं. फुफ्फुसाला चाललं नाही.

घरी ई-लिक्विड मिसळणाऱ्यांचा दुसरा आधारस्तंभ हाच आहे: "सगळे अर्क फूड-ग्रेड आहेत." हो, आहेत. म्हणजे खाण्यासाठी आहेत. अमेरिकेत स्वादद्रव्यांच्या सुरक्षिततेची यादी ज्या उत्पादक संघटनेची तज्ज्ञमंडळी ठरवतात, त्या फेमाने स्वतःच स्पष्ट केलंय की ही यादी गिळण्यापुरती आहे, श्वासात घेण्याला लागू नाही. हे काही नव्याने कळलेलं गुपित नाही. मिसूरी राज्यातल्या जॅस्पर गावात मायक्रोवेव्ह पॉपकॉर्नचा कारखाना होता. मे २००० मध्ये तिथल्या आठ माजी कामगारांना ब्रॉन्किओलायटिस ऑब्लिटरन्स, म्हणजे फुफ्फुसातल्या बारीक श्वासनळ्या कायमच्या आखडून जाण्याचा आजार झाल्याचं आरोग्य खात्याला कळवण्यात आलं. कारण निघालं लोण्याच्या स्वादाच्या वाफा, त्यांतलं मुख्य द्रव्य डायॲसिटिल. ते पॉपकॉर्न घराघरांत खाल्लं जात होतं, खाणाऱ्यांना काही झालं नाही. आजारी पडले ते वाफेत उभे राहणारे. आमच्याकडे लोण्याच्या, मलईच्या स्वादाचं पिंप उघडायचं असलं की हूड चालू केल्याशिवाय आणि मास्क चढवल्याशिवाय कुणी झाकणाला हात लावत नसे. हाच वास आमच्या गिऱ्हाइकांच्या बिस्किटांत जायचा आणि पोरं ती चहात बुडवून खायची. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या आणि त्यांत कुणाला विसंगती वाटत नव्हती.

यावर उत्तर ठरलेलं असतं. "सिगारेटच्या धुरात डायॲसिटिल याहून कितीतरी जास्त असतं." बरोबर आहे, असतं. पण इथे एक चलाखी झाली, ती नजरेतून सुटू नये. मघाशी दावा होता शुद्धतेचा. आता तो झाला सिगारेटपेक्षा कमी घाण असल्याचा. हे दोन दावे वेगळे आहेत आणि पहिल्यावर अडचण आली की दुसऱ्याच्या आड लपायचं, मग हळूच पहिल्यावर परत यायचं, असा हा लपंडाव चालतो. दुसरा दावा मी वरच मान्य केला. पहिल्याचं काय, ते सांगा. ब्रिटनमध्ये निकोटिनच्या तयार ई-लिक्विडमध्ये डायॲसिटिल घालायला २०१६ पासून बंदी आहे. सुटा अर्क मात्र खाद्यपदार्थाचा स्वाद म्हणून विकला जातो, आणि त्याच्यापुढे तो नियम उभा राहत नाही. मौज अशी की एका नामांकित अमेरिकी कंपनीच्या व्हॅनिला कस्टर्डच्या अर्काच्या दोन आवृत्त्या आहेत. दुसरी काढली ती डायॲसिटिलच्या कुटुंबातली द्रव्यं टाळण्यासाठीच. आणि वर्षानुवर्षं हौशी मंडळी एकमेकांना काय सांगत आली? पहिलीच घ्या, तिला चव आहे. शुद्धतेसाठी घरी मिसळणारे हेच लोक.

आता मुरवण्याकडे येतो. मला सगळ्यात जास्त खटकतं ते इथेच. भाच्याचं म्हणणं, "आजीचं लोणचं कसं मुरतं, तसं." उपमा कानाला गोड आहे. पण मुरलेलं लोणचं पोटात जातं, तिथे आम्ल आहे, यकृत आहे, हजारो पिढ्यांची सवय आहे. आणि लोणच्यात काय चाललंय हे निदान डोळ्यांना दिसतं. बाटलीत काय चालतं ते कुणी बघितलं?

काही गोष्टी निरुपद्रवी आहेत, त्या आधी बाजूला काढू. ग्लिसरीन दाट असतं, त्यात अर्क एकजीव व्हायला वेळ लागतो. जोरात हलवलं, कोमट पाण्यात धरलं, तर हे काम महिन्याचं नाही, थोड्या वेळाचं आहे. अर्कातलं अल्कोहोल आणि हलके एस्टर झाकण उघडं ठेवल्यावर उडून जातात, त्यामुळे पहिल्या दिवशीचा झणका कमी होतो. इथवर ठीक.

पण ज्याला ते 'गोलाई आली' म्हणतात त्याचा मोठा भाग रासायनिक आहे. व्हॅनिलाचं व्हॅनिलिन, चेरी-बदामाचं बेन्झाल्डिहाइड, दालचिनीचं सिनामाल्डिहाइड, लिंबाचं सिट्रल, ही सगळी अल्डिहाइड कुळातली. प्रोपिलीन ग्लायकॉलशी गाठ पडली की ती त्याच्याशी जोडली जातात आणि ॲसिटल नावाची नवीन संयुगं तयार होतात. स्वादाच्या धंद्यात हे जुनं ज्ञान आहे. ग्लायकॉलमध्ये विरघळवलेला व्हॅनिला ताजा असताना टोकदार असतो आणि काही आठवड्यांनी मऊ पडतो, हे आमच्याकडचा शिकाऊ मुलगाही सांगायचा. केकमध्ये घालायचं असल्याने त्याची कुणाला काळजी नव्हती. येल आणि ड्यूक विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१८ मध्ये हेच ई-लिक्विडच्या बाबतीत मोजून दाखवलं. ४० टक्क्यांपर्यंत स्वाद-अल्डिहाइड या नव्या संयुगांत बदललेलं होतं. वाफेबरोबर त्यातलं ५० ते ८० टक्के पुढे जात होतं. शरीरातल्यासारख्या पाणथळ द्रावणात ते ३६ तासांहून अधिक काळ टिकत होतं. आणि श्वसनमार्गात जळजळीची जाणीव करून देणारे जे ग्राहक असतात त्यांना ते चेतवत होतं. त्यांतला एक ग्राहक असा की मूळ अल्डिहाइड त्याला शिवतही नाही, मिरचीचा तिखटपणा मात्र शिवतो. म्हणजे बाटलीत असं द्रव्य तयार झालं जे भाच्याने घातलं नव्हतं, कुठल्या लेबलावर नव्हतं, आणि ज्याचे गुण घातलेल्या द्रव्यापेक्षा वेगळे होते. "काय घातलंय ते मला ठाऊक आहे" हे अक्षरशः खरं धरलं तरी त्याचा उपयोग काय?

डायॲसिटिलचंही तसंच. शहाणे मिसळणारे डायॲसिटिलचा अर्क टाळतात, त्याऐवजी ॲसिटोइन असलेला मलईचा अर्क घेतात, तो सौम्य मानला जातो. पण साठवलेल्या ई-लिक्विडमध्ये ॲसिटोइनचं डायॲसिटिल होतं, हे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं, आणि निकोटिनमुळे द्रव अल्कधर्मी झाला की हा बदल जास्त वेगाने होतो. आता कृती पुन्हा वाचा: मलईचा अर्क, निकोटिन, आणि महिनाभर मुरवा. टाळलेलं द्रव्य घरात बनवायची याहून पद्धतशीर रीत मला सुचत नाही.

काहीजण झाकण उघडं ठेवून बाटलीला 'श्वास' घेऊ देतात. काहीजण गरम पाण्याच्या भांड्यात तासन्‌तास ठेवतात किंवा चष्मे-दागिने धुण्याच्या अल्ट्रासॉनिक यंत्रात घालतात, म्हणजे महिन्याचं काम एका दिवसात. हवा आणि उष्णता, दोन्ही रसायनांना आवडणाऱ्या गोष्टी. निकोटिनला हवा आणि उजेड लागला की ते तपकिरी होत जातं, आणि हाच तपकिरी रंग ही मंडळी 'मुरल्याची खूण' म्हणून एकमेकांना फोटो काढून पाठवतात. बेन्झाल्डिहाइडचं तर विचारूच नका. आमच्या नमुन्यांच्या कपाटात त्याची एखादी जुनी कुपी मागे राहिली की झाकणाच्या आट्यांत पांढरे चकचकीत स्फटिक साठलेले दिसायचे. नखाने खरवडले तर भुकटी पडायची. ते बेन्झोइक आम्ल, हवेने बेन्झाल्डिहाइडचं करून ठेवलेलं. ती कुपी मोरीतसुद्धा ओतायची नाही, वेगळी विल्हेवाट लावायची असा आमचा नियम. चेरीच्या बाटलीला 'श्वास' घेऊ देणाऱ्यांना हे स्फटिक दाखवायची माझी फार इच्छा आहे.

"पण चव सुधारते, हे तर खरं ना?" असेल. नसेलही. स्वादाच्या कारखान्यात कुणी "सुधारलं" म्हटलं की आधी ट्रायँगल टेस्ट लावतात: तीन नमुने, दोन सारखे, एक वेगळा, कुठला कुठे ते परीक्षकाला माहीत नाही. वेगळा ओळखता आला तरच पुढची चर्चा. मुरवणाऱ्यांनी हे करून पाहावं. आज त्याच कृतीची ताजी बाटली बनवावी, महिन्याची जुनी घ्यावी, आणि दुसऱ्या कुणाला तरी तीन नमुने भरायला सांगावेत. काही कृतींत फरक नक्की सापडेल, ॲसिटल बनलेलं असतं म्हणून सापडेल. बाकी ठिकाणी महिनाभर वाट पाहिल्याचं समाधान सापडेल.

बरं, अर्काचं सोडा. बाकीचा द्रव तरी ठाऊक आहे का? "फार्मा ग्रेड ग्लिसरीन आहे, यूएसपी लिहिलंय." मुंबईकराने तरी हे वाक्य जपून बोलावं. १९८६ च्या सुरुवातीला जे. जे. रुग्णालयात चौदा रुग्ण दगावले ते औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमुळे. त्यात डायइथिलीन ग्लायकॉल मिसळलेलं होतं. तेही रंगहीन, गोडसर, दाटसर. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्या ग्लिसरीनचा खरेदीपासून खाटेपर्यंतचा प्रवास उलगडून दाखवला, आणि त्या प्रवासात कागद होते, सह्या होत्या, शिक्के होते. मोठं सरकारी रुग्णालय, औषधांची खरेदी, तरीही नाव ग्लिसरीनचं आणि आतला माल दुसराच. त्यानंतर चाळीस वर्षं झाली, तरी २०२२ मध्ये गांबियात भारतीय सिरपने मुलं गेली, २०२५ मध्ये छिंदवाड्याची मुलं नागपूरच्या रुग्णालयांत आणली गेली आणि हेच द्रव्य पुन्हा सापडलं. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००९ मध्ये तपासलेल्या ई-सिगारेटच्या कुप्यांपैकी एकीतही ते जवळपास १ टक्का निघालं होतं. ओढण्यातून शरीरात जाणारी मात्रा सिरपच्या चमच्याइतकी नसते, घाबरवण्यासाठी मी हे सांगत नाही. मुद्दा एवढाच की ग्लिसरीन ग्लिसरीनच आहे हे वासाने, चवीने, लेबलाने कळत नाही. त्यासाठी गॅस क्रोमॅटोग्राफ लागतो, आणि तो लेस्टरच्या स्वयंपाकघरात नाही.

निकोटिनच्या मोजमापाबद्दल फार लिहीत नाही, कारण त्या बाबतीत हौशी लोक बऱ्यापैकी सावध आहेत. अमेरिकेत मात्र मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचं निकोटिन लिटरच्या बाटलीत घरी येतं. ३० मिलिलिटर द्रव मिलिलिटरला ३ मिलिग्रॅमचा हवा तर त्यातलं ०.९ मिलिलिटर घालायचं. दशांशचिन्ह एक घर सरकलं की ३० मिलिग्रॅम. मोठ्या माणसाला तो फार तर मळमळीचा धडा ठरेल. माणूस मरायला लागणारं निकोटिन आपण शाळेत ६० मिलिग्रॅम शिकलो, ते बरंच जास्त असावं, असं २०१४ च्या एका आढाव्याने साधार मांडलं आहे. पण त्याच वर्षी डिसेंबरात न्यूयॉर्क राज्यात एक वर्षाच्या बाळाच्या पोटात द्रव निकोटिन गेलं आणि ते वाचलं नाही. त्यानंतर तिथे मुलांना न उघडणारी झाकणं सक्तीची झाली. घरी रिकाम्या ड्रॉपरच्या बाटल्यांत भरताना ते झाकण मागे राहतं.

आता माझ्यावर उलटणारा आक्षेप. दुकानातली बाटलीही महिनोन्‌महिने फळीवर पडून असते. तिच्यात ॲसिटल होत नाहीत का? होतात. रसायनाला कुणी ओतलं ते कळत नाही. येल-ड्यूकवाल्यांनाही ती बाजारातल्या द्रवांत सापडली होती. फरक इतकाच की ब्रिटनमध्ये निकोटिनचं तयार द्रव बाजारात आणण्याआधी सहा महिने नियामकाला कळवावं लागतं, घटक सांगावे लागतात, वाफेत काय निघतं याची माहिती द्यावी लागते, आणि जीवनसत्त्वांसारखे काही पदार्थ घालायला मनाई असते. ही व्यवस्था भोळसट आहे, तिच्यातून पुष्कळ निसटतं. पण तुमच्या कपाटातल्या बाटलीची तेवढीही तपासणी झालेली नाही. मी दुकानाची वकिली करत नाही. घरचं दुकानापेक्षा वरचढ, हे मला मान्य नाही.

गोडव्याबद्दल एक वाक्य टाकून पुढे जातो: गोडीसाठी घातलेलं सुक्रालोज तापलं की फुटतं, त्यातून क्लोरीनची संयुगं निघतात आणि बाकीच्या द्रवाचं विघटनही वाढतं. तारेवर काळी राख साठते ती याचीच. ती राख पाहून हे लोक तार बदलतात, कृती बदलत नाहीत.

स्वस्ताईचा मुद्दा मी खोडत नाही. घरी मिसळलेलं दुकानाच्या मानाने फुकटात पडल्यासारखं असतं. ब्रिटिश सरकारने २०२४ च्या अर्थसंकल्पात जाहीर केलं की १ ऑक्टोबर २०२६ पासून दर १० मिलिलिटर द्रवावर २ पौंड २० पेन्स कर, निकोटिन असो वा नसो. नेदरलँड्सने २०२४ च्या सुरुवातीपासून तंबाखूखेरीज सगळे स्वाद बंद केले. दोन्ही निर्णयांमागची काळजी मला कळते, शाळकरी पोरांच्या दप्तरात आंब्याच्या चवीची नळी कुणालाच नको आहे. पण अर्कांच्या सुट्या बाटल्या खाद्यपदार्थ म्हणून उघड विकल्या जात असताना हे निर्णय काही लोकांना सिगारेटकडे ढकलतील आणि काहींना स्वयंपाकघराकडे. आणि स्वयंपाकघरात आल्यावर त्यांच्या कानावर पहिलं वाक्य पडेल ते हेच, की इथे आत काय आहे ते आपल्याला ठाऊक असतं.

भाच्याला मी सांगून पाहिलं. कस्टर्ड, लोणी, दालचिनी आणि गोडवा सोड. गरम करून मुरवणं बंद कर. आठवड्यात संपेल एवढंच मिसळ आणि बाटलीवर तारीख घाल. सिगारेट सुटावी एवढाच हेतू असेल तर निकोटिनचा बिनस्वादाचा द्रवही मिळतो. त्याचं उत्तर आलं, "मग मजाच गेली की, मामा." उत्तर प्रामाणिक होतं, आणि सिगारेट सोडण्याचं नाव त्यात कुठे नव्हतं. तो बत्तीस वर्षांचा आहे, मजेसाठी जोखीम घ्यायचा त्याला हक्क आहे आणि मी त्याच्या बाटल्या फेकायला लेस्टरला जाणार नाही. शुद्धतेचा दाखला मात्र त्याने मला दाखवू नये. तो हवाच असेल तर अर्क बनवणाऱ्या कंपनीकडून विश्लेषणाचं प्रमाणपत्र मागवावं आणि त्यात डायॲसिटिल, ॲसिटोइन आणि त्याच कुटुंबातलं ॲसिटिल प्रोपिओनिल या तीन नावांपुढे आकडे आहेत का ते पाहावं. आकडे असले तरी ते अर्क भरला त्या दिवशीचे असतील, निकोटिन घालून महिनाभर मुरवलेल्या बाटलीचे नव्हेत.